वजा करायचं कशातून?

सांगली,
ता. १८ मे १९७५

तीर्थरूप दाजींच्या चरणी सांगलीहून धाकटा मेहुणा सयाजी याचा दंडवत. आक्काचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवावं, बाकीची ख्यालीखुशाली त्यामागून आली तरी चालेल. आपला खोकलाही आता जायला पाहिजे. सोनं गाळताना ॲसिडचा जो धूर निघतो तो छातीत बसतो, तेव्हा तोंडाला ओलं फडकं बांधत जावं. (आक्कानं मागच्या पत्रात कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की आपण फडकं बांधता, पण गळ्याला. गळ्याला बांधून काही उपयोग नाही.) विट्याची माणसं मुलूख सोडून कुठं कुठं जाऊन गलाईची दुकानं थाटतात आणि जुन्या दागिन्यांतलं सोनं शुद्ध करून देतात, याचा मला अभिमान आहे, पण आपल्या वयात कोईमतूरच्या त्या भट्टीपुढं दिवसभर बसणं बरं नव्हे. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. थोरली लेक औंधला सासरी सुखात आहे. धाकटा जोतीराम पलटणीत आहे, महिन्याला मनिऑर्डर करतो आणि पत्रात फक्त 'पोचली का' एवढंच विचारतो. आमच्या घरच्या मनुबाई बऱ्या आहेत. मी प्रकृतीनं उत्तम आहे. जे झालं आहे त्यावर डॉक्टरकडं औषध नाही.

आपणास ठाऊक असेल किंवा नसेल (मी कळवलं नव्हतं, तेव्हा नसेलच), आमचा पंपाचा कारखाना गेल्या ऑगस्टात बंद झाला. आधी वीज कमी आली, मग लोखंड येईना, मग मालकांचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनात, आणि एके सकाळी फाटकावर टाइप केलेला कागद लागला. तो कागद माझ्याच टेबलावरच्या मशीनवर टाइप केलेला होता, हे मी 'र' अक्षरावरून ओळखलं. त्या मशीनचा 'र' नेहमी वर उडायचा. एकवीस वर्षं मी त्या हिशेबखात्यात काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. कागद वाचून झाल्यावर इतर लोक ओरडले, कुणी दगड मारले, कुणी रडले. मी वाचून झाल्यावर खिशातलं पेन काढून त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि घरी आलो. त्याची पुढं फार लाज वाटली.

आता मूळ गोष्टीकडं येण्याआधी एक सांगणं भाग आहे, नाहीतर आपणास वाटेल की मेहुण्याच्या डोक्यावर परिणाम झाला. दाजी, आमच्या माण तालुक्यात पाऊस नाही. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून उत्पन्न नाही, आणि उत्पन्न नाही म्हणून आमच्या घराण्यात कधी कुणी इन्कमटॅक्स भरला नाही. मी पहिला. पगारातून पहिल्यांदा सहा रुपये कर कापला गेला तेव्हा इतर कारकून चरफडले आणि मी ती पगाराची चिठ्ठी घडी करून दहिवडीला आईला दाखवायला नेली. आईला वाचता येत नव्हतं, पण ती पुढं मरेपर्यंत बायकांना सांगायची, "माज्या सयाजीच्या पगारातलं दिल्लीला बी द्यावं लागतंय." बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं होतं. मी रजा काढून गेलो, आणि चुलतभाऊ अर्जुना उन्हात बसून खडी फोडत होता त्याला (आता लिहितानाही कान गरम होतात) म्हणालो, की अर्जुना, तुझ्या या मजुरीत सरकारनं माझे चार आणे घातलेत. त्यानं हातोडा माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "मग गड्या, चार आण्याची खडी तू फोड." मी फोडली नाही. एस.टी. धरून परत आलो.

कर भरण्याइतकाच मला कर वाचवण्याचा नाद. यात विसंगती आहे असं मनुबाई म्हणतात, पण ज्याला कर बसतो त्यालाच वाचवता येतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आपण धंद्यातले, आपल्याला हे ठाऊक असेलच, तरी सांगतो. म्हातारपणासाठी फंडात किंवा विम्यात जे पैसे टाकावेत, ते सरकार आपल्या उत्पन्नातून वजा धरतं आणि उरलेल्यावर कर लावतं. याला वजावट म्हणतात. दरवर्षी मार्च लागला की मी कारखान्यात टेबलाटेबलावर जाऊन लोकांना वजावट समजावून सांगत असे. फाउंड्रीतल्या माणसांनासुद्धा सांगत असे, ज्यांना कर बसतच नव्हता. त्यांनी माझं नाव वजावटराव ठेवलं होतं. मला ते मागाहून कळलं, आणि राग आला नाही.

नोकरी गेल्यावर घरात एकच गोष्ट ठरली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पिठाची गिरणी आहे. मालक म्हातारा झाला, मुलं पुण्याला, गिरणी विकायला काढलेली. मनुबाईंनी जाऊन पट्टा बघितला, जातं बघितलं, दिवसाला किती डबे येतात ते चार दिवस समोरच्या ओट्यावर बसून मोजलं, आणि मला म्हणाल्या, "फंडाचं पैसं आलं की ही घ्यायची. मी दळते, तुमी वजन करा." मी हो म्हणालो. फॉर्म भरले, सह्या जुळल्या नाहीत म्हणून पुन्हा भरले, आणि फेब्रुवारीत कारखान्याकडच्या प्रॉव्हिडंट फंडाचे आठ हजार हातात आले. मी गिरणीवाल्याकडं गेलो नाही. आज नको उद्या, भाव उतरू दे, इंजिन जुनं आहे, असं करत राहिलो. खरं कारण आपल्यालाच सांगतो. हेडक्लार्कनं भुवयांवर पीठ घेऊन गल्लीच्या तोंडाला बसायचं, आणि समोरून कारखान्यातलं कुणी गेलं तर त्याला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

आणि मग एकतीस मार्च आला. दाजी, एकवीस वर्षांची सवय वाईट. मी पहाटे उठलो, दाढी केली, ऑफिसचा शर्ट घातला आणि मनुबाईंना जरा बँकेकडं जाऊन येतो म्हणालो. खरोखर नुसतं बघायला गेलो होतो. बँकेत ही गर्दी! वर्षाचा शेवटचा दिवस, सगळे पगारदार लोक कर वाचवायला पंधरा वर्षांच्या फंडात पैसे भरायला आलेले. मास्तर होते, साखर कारखान्यातले होते, कोर्टातले होते. मी बाजूला उभा होतो तर मागून एकानं मला रांगेत ढकललं, आणि पुढचा एक ओळखीचा मास्तर वळून म्हणाला, "काय सयाजीराव, शेवटच्या दिवशी?" मी म्हणालो, "आमचं नेहमीच शेवटच्या दिवशी." झालं. सात महिन्यांनी पहिल्यांदा मी माणसांत उभा होतो. अंगाला घाम, हातात फॉर्म, पुढं बारा मागं वीस, सगळे सरकारला शिव्या देताहेत, आणि मीही मनापासून दिल्या. ते दीड तास मला इतके चांगले गेले की काय सांगू. फॉर्ममध्ये 'व्यवसाय' असा रकाना होता. त्यात मी 'नोकरी' लिहिलं. खिडकीशी पोचलो आणि आठच्या आठ हजार भरले.

मनात हिशेब अगदी चोख होता. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने पगार मिळाला होता, त्यातून त्रेसष्ट रुपये कर कापला गेला होता. फंडात पैसे टाकले की वजावट, वजावट झाली की कर शून्य, आणि त्रेसष्ट रुपये परत. शिवाय म्हातारपणाची सोय. मनुबाईंना घरी येऊन एवढंच सांगितलं की पैसे सुरक्षित ठिकाणी ठेवलेत. त्यांनी विचारलं, "गिरनीपेक्षा सुरक्षित?" मी म्हणालो, कितीतरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गिरणी लालासाहेब नावाच्या एका रिटायर पोलिसानं घेतली.  मनुबाई दळण लांबच्या गिरणीत न्यायला लागल्या. आणि रोज सकाळी मी पेपर वाचायला बसलो की त्या देवळात पोथी ऐकायला जाते म्हणून बाहेर पडायच्या, त्या दिवे लागायच्या सुमाराला यायच्या. हात पिवळे. मला वाटायचं देवळात हळदीकुंकू जोरात चाललंय. आपल्या पडत्या काळात बायकोनं देवाकडं वळावं, याचं मला कौतुकच वाटायचं. (पोथी सकाळी नवापासून संध्याकाळी सातापर्यंत कोण वाचतो, हा प्रश्न हिशेबखात्यात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला पडू नये, याला काय म्हणावं?)

गेल्या सोमवारी मी त्रेसष्ट रुपयांच्या मागे निघालो. इथं मार्केट यार्डात भूपालअण्णा म्हणून करसल्लागार आहेत. जैन गृहस्थ, शांत, व्यापाऱ्यांचे सगळे कर तेच बघतात. हळदीच्या एका गोदामाच्या माडीवर त्यांची बसायची जागा. मी सगळे कागद फायलीत लावून, वर अनुक्रमणिका डकवून नेले होते. अण्णांनी अनुक्रमणिकेची तारीफ केली. मग त्यांनी कागद चाळले, पुन्हा चाळले, चष्मा काढला आणि विचारलं,

"सयाजीराव, ऑगस्टनंतर काही उत्पन्न?"

"नाही."

"ऊस? शेती? भाडं?"

"शेती माणात आहे, अण्णा."

ते समजले. म्हणाले, "म्हंजे पाच महिन्यांचा पगार, सव्वाचार हजार. सहा हजारांच्या आत करच बसत न्हाई. तुमी फंडात एक पैसा भरला नसता तरी त्रेसष्ट रुपय परत आलं असतं."

मी म्हणालो, "पण मी आठ हजार भरलेत. त्याची वजावट?"

"वजा करायचं, खरं. पर कशातून करायचं?" अण्णा इतक्या हळू म्हणाले की जणू कुणाच्या घरचं वाईट सांगताहेत. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. ते पैसे पंधरा वर्षांनी सुटतील. मधे काही वर्षांनी थोडं कर्ज मिळतं, त्याच्याही पुढं थोडे काढता येतात, पण आत्ता, या वर्षी, पुढच्या वर्षी, काही नाही. मी बावन्न वर्षांचा आहे, दाजी. दुसऱ्यांना हीच योजना समजावून सांगताना 'पंधरा वर्षं' हा शब्द मी शेकडो वेळा उच्चारला असेन. तो इतका लांब आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी अण्णांना फी विचारली. ते म्हणाले, राहू द्या. व्यापाऱ्यांकडून पैशापैशाचा हिशेब घेणारा माणूस मला राहू द्या म्हणाला, तेव्हा मला माझी परिस्थिती नीट समजली.

माडीचा जिना गोदामात उतरतो. खाली आलो तर धुरळ्यानं डोळ्यांपुढं सगळं पिवळं. पन्नासएक बायका रांगेनं बसून हळकुंडं निवडत होत्या, बारीक एकीकडं, जाड एकीकडं, तोंडाला पदर. मी फाईल नाकाला लावून चाललो होतो, तेवढ्यात एका पदराआडून आवाज आला, "आवं, तुमी हितं कशापायी?" मी थांबलो. मनुबाई होत्या. भुवयांवर, पापण्यांवर, केसांवर हळद. मांडीपुढं सूप.

मी म्हणालो, "आणि तू? पोथी?"

"पोथी संपली," त्या म्हणाल्या. "कवाच."

 खरं तर विचारायचा हक्क त्यांचा होता, पण त्यांनी विचारायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. एकतीस मार्च, रांग, आठ हजार, अण्णा, सगळं. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले होते. मनुबाईंनी ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं, "पंधरा वर्सांनी तुमी किती वर्साचं व्हनार?" मी म्हणालो, सदुसष्ट. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं (त्यांचं स्वतःचं वय मोजत असाव्यात) आणि म्हणाल्या, "लय लांब न्हाई. तवर मी हळद निवडते." त्या हसल्या की काय ते पदरामुळं दिसलं नाही. तेवढ्यात पलीकडून दगडाबाई म्हणून त्यांची मुकादमीण आहे ती ओरडली, की काम सोडून कुणाशी बोलत बसलीस, कोन हाय त्यो मानूस? मनुबाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "माजं मालक हायती. सरकारला कर भरत्यात."

दाजी, हे त्या अभिमानानं म्हणाल्या की चिडून, हे मला सहा दिवस झाले तरी ठरवता आलेलं नाही. दगडाबाई मात्र वरमली आणि तिनं मला बसायला पोतं दिलं. मी बसलो. उठून जावं असं वाटेना. संध्याकाळपर्यंत तिथं बसून मी त्यांचे हात बघत होतो. एकेका हळकुंडाकडं त्या बघतही नव्हत्या, बोटांनाच कळत होतं. आणि खोटं कशाला बोलू, डोक्यात हिशेब चालूच होता, की या मजुरीला माझ्या उत्पन्नात धरलं तर आम्ही दोघं मिळून करपात्र होतो का. होत नाही. लांबलांबपर्यंत होत नाही. दिवस मावळल्यावर दोघं चालत घरी आलो. मी फाईल धरली होती, त्यांनी रिकामा डबा. वाटेत लालासाहेबांची गिरणी लागली, चालू होती. दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. तिथले साहेब भले गृहस्थ. त्यांनी बसवून, पाणी देऊन सांगितलं की नियमापुढं त्यांचा इलाज नाही. मी विचारलं, पंधरा वर्षांच्या आत सगळे पैसे मिळण्याची एकसुद्धा वाट नाही? ते जरा अवघडले आणि म्हणाले, खातेदार वारला तर वारसाला मिळतात. वारस म्हणून मी मनुबाईंचं नाव घातलं होतं, तेवढं एक काम त्या दिवशी बरोबर झालेलं. घरी येऊन मी त्यांना ही तरतूद सांगितली, केवळ माहिती म्हणून. त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं, आणि "पुन्हा ह्ये त्वांडातनं काडू नगा" एवढंच बोलून भाकरी वाढली. त्या रात्री भाकरीवर तूप होतं. तूप घरात आहे हे मला माहीत नव्हतं.

असो. पत्र फार लांबलं, आणि आपल्याला भट्टीपुढून उठून वाचावं लागणार. इकडची काळजी करू नये. घर भाड्याचं असलं तरी मालक सज्जन आहे. मी सकाळी पाणी भरतो, आता भातही टाकायला शिकलो आहे (पहिले दोन दिवस तो दोघांनीही न बोलता खाल्ला). आपणा उभयतांच्या आशीर्वादाशिवाय काहीएक नको. आक्काला गुडघ्याला शेक घ्यायला सांगावं आणि हे पत्र तिला वाचून दाखवताना कारखान्याचा भाग गाळावा. तिच्या समजुतीनं मी अजून हेडक्लार्क आहे.

आपला आज्ञाधारक,
सयाजी

ता. क. — वरचं वाचून आपणास वाटेल की मी काही मागतो आहे. तसं अजिबात नाही.

दुसरा ता. क. — मागतो आहे. आपल्या दुकानात वह्या लिहायला, पत्रव्यवहाराला माणूस लागत असेल तर मी येतो. इंग्रजी टायपिंग येतं, अक्षर बरं आहे, आणि सोन्याला हात न लावण्याची शपथ घ्यायला तयार आहे. पगार कर बसेल एवढा असावा असं पहिल्यांदा लिहिलं होतं, ते खोडलं आहे. (खोडलेलं दिसतंय त्याबद्दल क्षमा असावी, दुसरा कागद नव्हता.) कर बसला नाही तरी चालेल. खोली आणि जेवण असलं तर पगाराचं मागाहून बघू.

तिसरा ता. क. — पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. मी आंघोळीला गेलो असताना मनुबाईंनी वाचलं. (त्यांना वाचता येतं हे मी विसरतो.) त्यांनी फक्त पाकीट आणून ठेवलं, आणि वर तिकीट लावून. त्या म्हणतात, हळदीचं काम आहे तोवर मी येत नाही, तुमी व्हा म्होरं. एकवीस वर्षं मी कामावर निघालो की त्या दारात उभ्या राहायच्या आणि मी कधी मागं वळून बघितलं नाही, ऑफिसच्या घाईत असायचो. हल्ली सकाळी त्या निघतात आणि मी दारात उभा राहतो. काल कोपऱ्यावर पोचल्यावर त्या थांबल्या, वळल्या आणि त्यांनी हात केला. मला काय करावं ते कळेना, मी नमस्कार केला. उत्तर होईल तितकं लवकर द्यावं, दाजी. मला दारात उभं राहायची सवय लागत चालली आहे.